दाराजवळचं स्टूल

मामांना रक्ताची उलटी झाल्याचा फोन आला तेव्हा मी गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होतो. सुनीता, म्हणजे माझी बायको, हातात मोबाईल घेऊन मागच्या दारात आली आणि म्हणाली, "दादांना उलटी झालीय. रक्ताची. हुपरीवरनं कोल्हापूरला आणायला लागल्यात." दादा म्हणजे तिचे वडील. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणायची पद्धत, म्हणून माझे मामा. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "लाल होती का काळपट, कॉफीसारखी?" ती माझ्याकडे बघतच राहिली. बापाच्या तोंडातून रक्त पडलंय म्हणून बायको सांगतेय आणि नवरा रंग विचारतोय. पण मी काही ठरवून विचारलं नव्हतं, ते आपोआप आलं. पोटातल्या रक्ताविषयी मला जरा जास्तच कळतं, आणि ते ज्ञान मी कुठून मिळवलं हे आमच्या पंचक्रोशीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तिसऱ्या दिवशी मामा गेले. त्याला आता महिना उलटून गेला. लोक भेटायला येतात, वय झालं होतं म्हणतात, चहा पितात, जातात. मी मान डोलावतो. खरं म्हणजे मला त्यांना सांगायचं असतं, की वयानं नाही गेले हो, आमच्या घरातल्या लाजेनं गेले... पण तेवढी हिंमत चहाच्या कपापर्यंत टिकत नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

मामा हुपरीचे, चांदीचे पैंजण करणारे. घरातच सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, त्यांचं काम चालायचं. खाली बसकर, पुढ्यात शेगडी, आणि त्यावर वाकलेली त्यांची पाठ. दिवसभर वाकून वाकून मानेपाशी एक उंचवटा आला होता, त्यामुळे उभे राहिले तरी काहीतरी शोधत असल्यासारखे दिसायचे. आवाज मात्र असा, की बारीक कामाचा माणूस वाटू नये. मुलगी बघायला गेलो तेव्हा मी लाजून फोडणीच्या पोह्यांची बशी हातातच धरून बसलो होतो, तर सगळ्या पाहुण्यांत ओरडून म्हणाले, "पावणं, खावा की. पोरगी पळून जात न्हाय." सगळे हसले. मला राग आला होता. मी तसा नाकावर राग असलेलाच माणूस. पण त्या दिवसापासून मी त्यांचा 'पावणं' झालो तो शेवटपर्यंत. जावईबापू वगैरे मामी म्हणायच्या. मामांनी माझं नाव एकदाही घेतलं नाही, आणि माझ्या पाठीमागेसुद्धा ते 'आमचं पावणं' असंच म्हणत, हे मला नंतर कळलं.

आता माझ्या अब्रूची गोष्ट. नव्वदीच्या शेवटाकडची. आमच्या गावच्या दूध संस्थेची निवडणूक लागली होती. आमचं गाव कोल्हापूरपासून सायकलवर जाण्याइतकं जवळ, घरटी दोन-तीन म्हशी, आणि दूध संस्था म्हणजे गावाचं नाक. मी बी.एस्सी. होऊन शेती करणारा, चार पुस्तकं वाचलेला, त्यामुळे मला वाटे की हे नाक आपल्याशिवाय कुणाला सांभाळता येणार नाही. मी पॅनेल उभं केलं. त्याचं नाव काय ठेवावं? 'निर्व्यसनी पॅनेल'. पत्रकावर तसं छापलं, भिंतीवर चुन्यानं तसं लिहिलं, आणि कोपऱ्याकोपऱ्यावरच्या सभांत मी ओरडून सांगितलं, की ज्याच्या तोंडाला वास येतो त्याला माझ्या पॅनेलात जागा नाही. विरोधी पॅनेलातल्या एकाची तर मी चालायची नक्कल करून दाखवली होती. बायका खळखळून हसल्या होत्या... त्या माणसाची म्हातारी आई समोरच बसली होती. ते मी पाहिलं होतं, तरी थांबलो नाही.

निवडणुकीचे ते दिवस मी जेवत नव्हतो म्हटलं तरी चालेल. दिवसभर चहा, घरटी चहा. नको म्हटलं तर मत जातं. डोकं ठणकायचं, म्हणून दुकानातून डोकेदुखीच्या गोळ्या आणायच्या आणि चहाबरोबरच घ्यायच्या. छातीखाली सारखं जळायचं. झोप नाही. डोळे मिटले की मतांची बेरीज सुरू. सुनीता म्हणायची, घासभर भात खाऊन जावा. मी खेकसायचो. आणि मग निकाल लागला. मी पडलो. नुसता पडलो असतो तर एक वेळ चाललं असतं, पण माझ्या भावकीच्या गल्लीतली मतं मला पडलेली नाहीत हे आकड्यांवरून उघड दिसत होतं. विरोधकांची मिरवणूक निघाली, हलगी घुमायला लागली, आणि ती मुद्दाम आमच्या दारासमोर येऊन थांबली. उंबऱ्यावर, कट्ट्यावर, सुनीताच्या तुळशीवर गुलाल. मी मागच्या दारानं निघालो आणि दिनकरच्या मळ्यात जाऊन बसलो.

दिनकर माझा शाळेपासूनचा दोस्त. तो प्यायचा, आणि म्हणूनच मी त्याला पॅनेलात घेतलं नव्हतं. तरीही त्यानं माझा प्रचार केला होता. त्याच्या विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत बाटली होती. यात्रेला चाखण्यापलीकडे मी कधी घेतलेली नव्हती, पण त्या संध्याकाळी मी पाणी प्यावं तशी प्यालो. दिनकर म्हणत होता, "हळू. कायतरी खा आदी." मी त्यालाच शिव्या दिल्या. पहिली संपली, दुसरी उघडली. पुढचं मला आठवत नाही. दिनकर सांगतो की मी आधी रडलो, मग भाषण केलं, मग गार पडलो आणि बोलवलं तरी उत्तर देईना. मग उलटी झाली, आणि बॅटरीच्या उजेडात त्यानं पाहिलं तर तिच्यात रक्त होतं. त्यानं मला खांद्यावर टाकून रस्त्यापर्यंत आणलं. गाव अजून मिरवणुकीतच होतं, त्यामुळे निर्व्यसनी पॅनेलचा प्रमुख कसा चालला हे सगळ्यांनी नीट बघून घेतलं.

कोल्हापुरातल्या एका खाजगी दवाखान्यात मला नेलं. बरोबर माझा थोरला चुलतभाऊ, आण्णा. भावकीत तो मोठा, त्यामुळे बोलायचा मान त्याचा. डॉक्टर मॅडमनी विचारलं, काय घेतलंय, किती घेतलंय. आण्णा म्हणाला, "हे घेतच न्हाईत मॅडम. इचारा गावात. सरबतातनं कुणीतरी कायतर घातलंय." दिनकर बोलायला लागला तर आण्णानं त्याला हात धरून बाहेर काढलं. घराण्याची अब्रू राखायची होती ना. वास तर खोलीभर होता, पण माणसं असं शपथेवर सांगायला लागली की डॉक्टरलाही शंका येणारच. दारूत विष घातलंय का? फवारणीचं औषध आहे का? पोलिसांना कळवायचं का? मॅडम तिकडे विषाचा विचार करताहेत, आणि इकडे माझं अंग थंड पडतंय, श्वास मंदावतोय. हे सगळं मला नंतर सुनीतानं सांगितलं. ती कोपऱ्यात उभी होती. तिला खरं ठाऊक होतं, पण दिरासमोर बोलायचं कसं, म्हणून पदर तोंडात धरून गप्प होती.

तेवढ्यात मामा आले. हुपरीला कुणीतरी फोन केला होता, आणि ते हाताला राख तशीच घेऊन मिळेल त्या गाडीनं आले होते. आत येऊन त्यांनी मला पाहिलं, मग बाहेर जाऊन भिंतीला टेकून बसलेल्या दिनकरला उठवलं. "काय प्याला, किती प्याला, त्याच्या आदी काय खाल्लं? खरं सांग, मी तुला मारत न्हाय." दिनकरनं सांगितलं. मग सुनीताकडे वळले. तिनं गोळ्यांचं सांगितलं, न जेवण्याचं सांगितलं. मामा तसेच मॅडमपुढे जाऊन दवाखाना दणाणेल अशा आवाजात म्हणाले, "मॅडम, दारू प्यालाय. दोन बाटल्या. पोटात अन्न न्हाय, नुसत्या डोकंदुखीच्या गोळ्या खाल्ल्यात. इष बिष कुणी घातल्यालं न्हाय. माझा जावई हाय, मी सांगतोय." आण्णा म्हणाला, "अवो पावणं, चारचौघांत..." मामा म्हणाले, "मेल्यावर अब्रूचं काय लोणचं घालताय?"

मग उपचार सुरू झाले. कुशीवर झोपवलं, उलटी श्वासात जाऊ नये म्हणून. सलाईन लावलं, साखर उतरली होती म्हणून ग्लुकोज, पोटातलं आम्ल कमी करणारं इंजेक्शन, आणि नाकातून पोटापर्यंत नळी, तिच्यातून थंड पाणी सोडून पोट धुवायचं. त्या नळीतून काळपट, कॉफीच्या गाळासारखं रक्त येत होतं. सकाळी शुद्धीवर आलो तेव्हा मॅडम मामांना समजावत होत्या आणि मी डोळे मिटून ऐकत होतो. उघडायची लाज वाटत होती. त्या म्हणत होत्या, "नुसत्या दारूनं एवढं झालं नसतं, काका. माणूस सारखा ताणात असला की पोटाच्या आतल्या अस्तराला रक्त कमी मिळतं. आम्ल तर झरतच राहतं. अस्तर आधीच दुबळं झालेलं, वर गोळ्या, वर उपाशीपोटी ही एवढी दारू. आता औषध मी देतेय, पण मन असंच पेटलेलं राहिलं तर जखम भरणार नाही. झोपेचं इंजेक्शन देऊन शांत करावं म्हटलं तर अंगात अजून दारू आहे, श्वासच बंद पडायचा. तेव्हा आज-उद्या ह्यांना शांत ठेवायचं काम औषधाचं नाही, तुम्हा लोकांचं आहे." मामा म्हणाले, "म्हंजे ह्यांच्या कानात काय जाऊ द्यायचं न्हाय. असंच न्हवं?" मॅडम म्हणाल्या, "असंच."

मामांनी नर्सकडून एक स्टूल मागून घेतलं आणि खोलीच्या दाराबाहेर टाकून त्यावर बसले. आणि बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. आमच्याकडे माणूस दवाखान्यात आहे आणि आपण बघायला गेलो नाही, तर पिढ्यान्‌पिढ्या बोललं जातं. त्यातून निवडणुकीत पडलेला माणूस, मग दोन्ही पॅनेलची माणसं येणार. न आलं तर मनात काहीतरी आहे असं दिसायचं. हातात शहाळं, आणि तोंडात एकतर उपदेश नाहीतर मतांची बेरीज. वरच्या गल्लीत तुला किती पडली, खालच्या आळीत कोण फुटलं. मामा प्रत्येकाला दाराशी थांबवायचे. "पावणं झोपल्यात. मला सांगा काय ते." आणि माणसं खरंच त्यांना सांगायची. आकडे, फुटाफुटी, शिव्याशाप, दारूवरची प्रवचनं, सगळं मामा ऐकून घ्यायचे. मामांना आमच्या गावातलं राजकारण काडीचं कळत नव्हतं. तरी "व्हय का," "मग ओ," "बगा की" असं म्हणत त्यांनी दिवसभर ते सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. दार अर्धं लोटलेलं असायचं. मला त्यांची वाकलेली पाठ तेवढी दिसायची, आणि ती दिसत असली की छातीखालची आग जरा निवायची. हे मी उगाच सांगत नाही. नळीतलं पाणी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत स्वच्छ झालं होतं.

सुनीता मात्र चिडलेली होती, आणि तिचं काय चुकलं होतं? ती बापाला म्हणाली, "दादा, मला हुपरीला घेऊन चला. मला ह्यांच्या घरात तोंड दाखवायला जागा न्हाय." मामा म्हणाले, "आदी जखम भरू दे त्यांची. मग भांड हवं तेवढं. भांडायला तरी माणूस पायजे." ती रडता रडता हसली. मला आत सगळं ऐकू येत होतं. रडता येत नव्हतं, कारण नळीमुळे घशात ठसका लागायचा.

त्या दुपारी मामा चहाला खाली उतरले. तेवढ्यात आण्णा भावकीतल्या पाच-सहा जणांना घेऊन आत शिरला. खिशातून कागदाची पुडी काढली. आत बेलाचं पान आणि भंडारा. आमच्याकडे कुणावर संशय आला की देवाचा भंडारा उचलून खरं बोलायची रीत आहे. भावकी फुटली असं गाव बोलत होतं, ते त्यांना सहन होत नव्हतं, म्हणून ते आजारी माणसाच्या खाटेशी शपथ घ्यायला आले होते. एकेकानं भंडारा उचलला. "आमच्या घरातली समदी मतं तुलाच." कोण खरं बोलत होतं मला आजही ठाऊक नाही. पण त्या वेळी मला सगळेच खोटे वाटले, आणि पोटात पुन्हा निखारा पडला. शेवटी आण्णा म्हणाला, "आता तू उचल. परत पिनार न्हाईस म्हणून. घराण्याची लाज घालवलीस, आता देवापुढं बोल." सलाईन लावलेल्या माझ्या हातात त्यानं भंडारा ठेवला. मुठीतून तो सांडला. सुईवरची पांढरी पट्टी पिवळी झाली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि कुणीतरी म्हणालं, "अरं, नळीत बगा." नळी लाल झाली होती.

मॅडम धावत आल्या, सगळ्यांना बाहेर हाकललं, पुन्हा थंड पाणी, पुन्हा इंजेक्शन, रक्ताची बाटली. मामा हातात चहाचा ग्लास घेऊन दारात उभे होते. त्यांना कुणी काही सांगायची गरज पडली नाही, माझ्या हातावरची पिवळी पट्टी त्यांनी पाहिली होती. ते परत बाहेर गेले आणि मग त्यांचा आवाज ऐकू आला. "आण्णा, ती पुडी आना हिकडं. भंडारा उचलायची लई हौस हाय न्हवं तुमाला? उचला. माझा जावई भाकरी खाईस्तवर ह्या जिन्याची पायरी चडनार न्हाय, आन मताचा आकडा तोंडातनं काडनार न्हाय, असं म्हना आन उचला." कुणी हलेना. मामा म्हणाले, "मी हुपरीचा. तुमच्या राजकारणात माझं काय न्हाय. पर हितनं माझी पोरगी रंडकी होऊन बाहेर पडली तर मी तुमच्या दारात यीन." मग एकेकाचं पुटपुटणं ऐकू आलं. भावकीनं भंडारा उचलला. आणि आमच्या भावकीच्या बाजूनं एवढं सांगायलाच हवं, की ती शपथ त्यांनी पाळली. मी पहिली भाकरी दुधात कुस्करून खाल्ली तोवर एकही जण जिना चढला नाही, आणि माझी जखम भरत आली.

घरी आल्यावर मी वाट बघत होतो, की आता मामा बोलतील. आता नाहीतर पुढच्या खेपेला. मी मनात उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती. पण मामांनी दारू हा शब्द माझ्यासमोर कधी काढलाच नाही. यायचे, नातवंडांना खांद्यावर घ्यायचे, म्हशीच्या पाठीवर थाप मारायचे, आणि बसायचे कुठे? आमच्या पुढच्या दाराजवळ एक लाकडी स्टूल आहे, दुधाची किटली ठेवायचं. किटली खाली ठेवून मामा त्यावर बसायचे. आत खुर्च्या आहेत, पलंग आहे. "मामा, आत बसा की." "हितं वारं लागतंय." एकदा मी चिडलोच. म्हटलं, "मामा, आता कोण येत नाही मला बघायला. आत या." ते हसले, जागेवरून हलले नाहीत. सुनीता नंतर मला म्हणाली, "तुम्हाला कशाला टोचतंय ते?" टोचायचं खरं. मला वाटायचं, ते स्टूल म्हणजे माझी आठवण करून देणं आहे. त्यांनी एकदा कानफटात मारली असती तर मी मोकळा झालो असतो.

नंतर मी कधी थेंब घेतला नाही, पण त्यात माझी काही बढाई नाही. बाटली बघितली की पोटात पीळ पडतो, एवढंच. लाज मात्र गेली नाही. गावातली माणसं तशी मायाळू, पण चेष्टा सोडत नाहीत. जेवणाच्या पंगतीत कुणी पोटावर हात ठेवला की कुणीतरी हमखास म्हणायचं, "आमच्या बी.एस्सी.ला इचारा, पोटातलं त्यास्नी लई कळतंय." पंगत हसायची. मीही हसल्यासारखं करायचो आणि मान खाली घालून पत्रावळीतला भात चिवडत बसायचो. होता होता अशी सवय लागली, की पोट हा शब्द कानावर आला तरी माझी मान आपोआप खाली जायची. मला ते कळायचंही नाही. मामा त्या पंगतींना असायचे.

गेल्या वर्षी आमच्या यात्रेला मामा आले तेव्हा त्यांनी तांबड्या रश्श्याची वाटी बाजूला सरकवली. पांढरा रस्सा घेतला, तोही दोन घोट. "दात दुखतोय," म्हणाले. मग छातीखाली मूठ दाबून धरली आणि सुनीताकडे गार दूध मागितलं. मी समोरच बसलो होतो. मानेच्या आणि पाठीच्या दुखण्यावर ते गोळ्या खातात हे मला माहीत होतं. अलीकडे मशीनचा माल आल्यापासून त्यांचं हातकाम कमी झालं होतं आणि ते आतल्या आत कुढत होते, हेही माहीत होतं. गोळ्या, काळजी, उपाशी पोट, छातीखाली मूठ. जगात ह्या चार गोष्टींची बेरीज करता येणारा एखादा माणूस असेल तर तो मीच. फक्त विचारायचं होतं, "मामा, शी काळी होते का?" काळी असली की आत रक्त झरतंय समजायचं. पण शेजारी आण्णा बसला होता, पंगत भरलेली होती, आणि पोटाचा विषय निघाला की पुढचा विनोद कुणाचा होणार हे मला ठाऊक होतं. मी मान खाली घातली आणि जेवत राहिलो. नंतर एकट्यात तरी विचारायचं? नंतर धाडस झालं नाही. उद्या विचारू म्हटलं. ते एस.टी.नं हुपरीला गेले.

शेवटचे तीन दिवस ते कोल्हापुरातच दवाखान्यात होते. दुर्बीण घालून पाहिलं, जखम जुनी आणि खोल होती. रक्त फार गेलं होतं, हृदय थकलं होतं. मी दाराबाहेर स्टूल टाकून बसलो आणि हुपरीहून येणाऱ्या माणसांना म्हणत राहिलो, "मामा झोपल्यात. मला सांगा काय ते." मला वाटत होतं, मी काहीतरी फेडतोय. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आत बोलावलं. नाकात तशीच नळी. मी खाटेशी बसलो. आणि जे वर्षभरापूर्वी विचारायचं ते तेव्हा विचारलं. "मामा, कधीपासनं दुखत होतं?" म्हणाले, "झालं आसंल वरीस, दीड वरीस." "मग मला तरी सांगायचं नाही का? मला तर सांगायचं." त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली... मग एवढा मोठा आवाज असलेला माणूस कानाशी वाकून ऐकावं लागेल असं बोलला, "तुमच्याम्होरं पोटाचं नाव काडलं की तुमची मान खाली जाती, पावणं. मला ते बघवत न्हाय."

मी त्यांचा हात धरून बसलो. चांदीच्या कामानं काळी पडलेली बोटं इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच नीट हातात घेतली. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

परवा दिनकर भेटायला आला. त्या मळ्यातल्या संध्याकाळनंतर तो आमच्या घरी फारसा येत नाही. मीच त्याला टाळत आलोय, कारण तो दिसला की मला मी दिसतो. त्याची सुटलेली नाही. गाल बसलेत, डोळे पिवळट वाटतात. दुधाची किटली सुनीतानं मामा गेल्यापासून त्या स्टुलावर ठेवलेली नाही, ते रिकामंच होतं; दिनकर येऊन त्यावर बसला. मला उठ म्हणावंसं वाटलं, पण सुनीतानं डोळ्यांनी खुणावलं, बसू दे. मामांविषयी थोडं बोलणं झालं. बोलताना त्यानं दोनदा छातीखाली हात दाबला. मी विचारलं, "दिन्या, पोटात दुखतंय का?"

त्याची मान खाली गेली. मी ते पाहत राहिलो, आणि मामांनी इतकी वर्षं काय पाहिलं ते मला त्या वेळी कळलं. खरंच बघवत नाही. उठून आत जावं, चहा आणतो म्हणावं, विषय बदलावा असं वाटलं. मी तिथंच उंबऱ्यावर त्याच्याशेजारी बसलो आणि पुन्हा विचारलं.